खाज, पांढरं जाणं आणि खाली ठेवायच्या गोळ्या: क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोलबद्दल नीट बोलूया

चिंचपेठी

नमस्कार. मी फार्मसिस्ट आहे, नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे. दुपारी काउंटरला मी एकटीच असते आणि बायका नेमक्या तेव्हाच येतात, कारण काउंटरला माझा नवरा किंवा दीर असला की त्या डोकेदुखीची गोळी घेऊन परत जातात आणि खरं दुखणं तसंच राहतं. "ताई, त्या सहा गोळ्या द्या ना, खाली ठेवायच्या," एवढंच बोलणं, तेही इकडेतिकडे बघून.

मागच्या आठवड्यात एक पस्तिशीची बाई आली, तेच पाकीट परत मागत होती. म्हटलं आधीच्याने फरक नाही पडला का, तर म्हणाली रोज जेवणानंतर पाण्याबरोबर घेतली की. खोक्यातली नळी प्लास्टिकमध्ये तशीच बंद. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, कुठल्यातरी दुकानातून पुडी मिळाली, आणि मधे तिला एका माणसाने सांगितलं नाही की ही गोळी गिळायची नसते. क्लोट्रिमॅझोल हे योनीमार्गातल्या बुरशीच्या इन्फेक्शनवरचं औषध, पण गिळलं तर तिथल्या बुरशीवर काही उपयोग होत नाही, तिची खाज होती तशीच. त्यात तिची काय चूक, मला सांगा. म्हणून हा धागा काढतेय.

पाकिटं तीन प्रकारची मिळतात. सहा गोळ्यांच्यात एकेक गोळी १०० मिलिग्रॅमची, तीन गोळ्यांच्यात २०० ची, आणि एकच मोठी गोळी येते ती ५०० ची. औषध एकच, क्लोट्रिमॅझोल. रात्री झोपायच्या वेळी ठेवायची, कारण उभं राहिलं की विरघळलेलं औषध खाली उतरतं. हात साबणाने धुवा, गोळी नळीच्या रुंद टोकात बसवा, पाठीवर झोपून गुडघे वर घ्या, जेवढी सहज जाईल तेवढीच नळी आत घाला आणि मागचा दांडा दाबा. जोर लावायचा नाही. आतून फार कोरडं वाटत असेल तर गोळीला आधी पाण्याचा एक थेंब लावा. सकाळी पांढरा चुरा किंवा पाणी येतं ते औषधाचंच असतं, घाबरून बंद करू नका, पॅड लावून झोपा. आणि दोन रात्रीत खाज थांबली म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी कपाटात ठेवू नका, कोर्स पूर्ण करा. पाळी चालू असताना गोळी वाहून जाते, त्यामुळे पाळी तोंडावर आली असेल तर थांबून सुरू केलेलं बरं. हे औषध चालू असताना कंडोमवर विसंबू नका, गोळी आणि क्रीममुळे रबर कमकुवत होतं, ही गोष्ट तर कुणीच सांगत नाही.

ज्यांना जे माहीत आहे ते लिहा. इथे डॉक्टर मंडळी आहेत त्यांनी माझं काही चुकत असेल तर सांगा.

निशिगंध_एन

किती बरं झालं हा विषय काढलास. मला दर दोन-तीन महिन्यांनी होतं, सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक घेतलं की आठवड्यात खाज सुरू, आणि मग मी सरळ ती एक कॅप्सूल मागवते, १५० ची फ्लुकोनॅझोल, ऑनलाइन मिळते, दोन दिवसात बरं वाटतं आणि परत तेच. सारखी सारखी घेणं वाईट आहे का? आणि खालची गोळी चांगली की तोंडाने घ्यायची?

डॉ_बकुळ

चिंचपेठी, पद्धत अगदी बरोबर लिहिली आहेस. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, जरा सविस्तर लिहिते, वाचायचा कंटाळा करू नका.

पहिली गोष्ट, अंगावरून पांढरं जाणं म्हणजे दरवेळी बुरशी नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक जणी आधी मेडिकलमधून या गोळ्या घेऊन आलेल्या असतात आणि तपासलं तर निघतं भलतंच. बुरशीचं, म्हणजे कॅन्डिडाचं इन्फेक्शन असेल तर खाज प्रचंड, लघवीला बसलं की बाहेरून चरचरतं, जागा लालभडक, आणि स्राव फुटलेल्या दह्यासारखा घट्ट, त्याला वास जवळजवळ नसतो. स्राव पातळ, करडा-पांढरा असेल आणि माशासारखा वास येत असेल, विशेषतः संबंधानंतर, तर ते बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे जिवाणूंमुळे होणारा त्रास, त्याला मेट्रोनिडॅझोल लागतं, क्लोट्रिमॅझोलने काडीचा फरक पडत नाही. पिवळा-हिरवट फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी, त्यात नवऱ्यालाही एकाच वेळी औषध द्यावं लागतं. आणि खाज नाही, वास नाही, पाळीच्या मधल्या दिवसात नुसतं पारदर्शक चिकट जातंय, तर तो आजारच नाही. "पांढरं जातं म्हणून अशक्तपणा येतो, हाडं झिजतात" असं सांगून पिढ्यान् पिढ्या बायकांना घाबरवलंय, तसं काहीही होत नाही.

अमेरिकेत एकदा दुकानातून स्वतःहून बुरशीचं औषध विकत घेणाऱ्या बायकांना तपासलं होतं, तर जेमतेम तिघींत एकीलाच नुसतं बुरशीचं इन्फेक्शन होतं. तिथे ही गत, तर आपल्याकडे काय असेल. तपासणी साधी आहे हो. पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा पेपर लावायचा, स्राव काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं, बुरशीचे धागे समोर दिसतात. पीएच साडेचारच्या वर असेल तर बुरशी असायची शक्यता कमी. पाच-दहा मिनिटांचं काम, पण ओपीडीत गर्दी असली की तेवढंही होत नाही, हे मान्य करते.

निशिगंध, साध्या इन्फेक्शनला खालची गोळी आणि तोंडाची कॅप्सूल दोन्ही सारख्याच चालतात, दहातल्या आठ-नऊ जणी बऱ्या होतात. फ्लुकोनॅझोल शरीरातून निम्मं बाहेर पडायला साधारण तीस तास घेतं, त्यामुळे एका कॅप्सूलचा परिणाम तीन दिवस टिकतो, आणि खाज जायलाही दोन-तीन दिवस लागतात, दुसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून लगेच दुसरी कॅप्सूल घ्यायची नाही. खालच्या गोळीने आराम लवकर वाटतो, रक्तात औषध फार थोडं जातं. काम दोघांचं एकच: बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो, तो बनू देत नाहीत. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं म्हणून आपल्याला त्रास कमी.

पण तुला वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा होतंय, म्हणजे हे साधं राहिलं नाही. आता कॅप्सूल मागवणं बंद कर. आधी साखर तपास, उपाशी आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) दोन्ही. स्रावाचं कल्चर कर, म्हणजे लॅबमध्ये वाढवून कुठली बुरशी ते बघतात, कारण कॅन्डिडा ग्लॅब्राटा ही वेगळी जात असेल तर फ्लुकोनॅझोलला नीट दाद देत नाही. नेहमीची जात, कॅन्डिडा अल्बिकन्स, निघाली तर दर तीन दिवसांनी एक अशा तीन गोळ्या आणि मग आठवड्याला एक, सहा महिने, अशी पद्धत आहे. २००४ साली यावर मोठा अभ्यास छापून आला, सहा महिने संपेपर्यंत दहातल्या नऊ जणींना परत झालं नाही, पण औषध थांबवून आणखी सहा महिने गेल्यावर निम्म्याहून कमी जणी मोकळ्या राहिल्या. म्हणजे गुण येतो, पण कायमचं गेलं असं मी कुणाला सांगत नाही. हे सगळं डॉक्टरच्या देखरेखीत, मधे लिव्हरच्या टेस्ट लागू शकतात.

गोदाकाठ

डॉक्टर, सासूबाईंचं विचारायचं होतं. वय ६४, डायबेटिस पंधरा वर्षांपासून, गेल्या वर्षी नवीन गोळी सुरू केली, डापाग्लिफ्लोझिन, साखर छान आली आणि वजन पण उतरलं. पण तेव्हापासून खाली सारखी आग आणि खाज. त्या मला सांगत नव्हत्या, रात्री उठून पाण्याने धुवत बसायच्या तेव्हा मला कळलं. त्यांनीच शेजारणीकडून एक क्रीम आणलं होतं, ते लावून तात्पुरतं थांबायचं. आता कातडी पातळ झाल्यासारखी दिसते. नाशिकला कुणाला दाखवावं, स्त्रीरोगवाल्यांना की डायबेटिसवाल्यांना?

डॉ_बकुळ

गोदाकाठ, दोघांनाही. ही गोळी जास्तीची साखर लघवीतून बाहेर काढते, साखर कमी होते ती त्यामुळेच. पण मग त्या जागेला सतत साखर मिळते आणि बुरशी वाढते. या गटातल्या सगळ्या गोळ्यांचा, एम्पाग्लिफ्लोझिनचासुद्धा, हा माहीत असलेला साइड इफेक्ट आहे, पुरुषांनाही होतो. २०२० च्या शेवटी डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, आपल्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या आणि घरोघरी ती सुरू झाली. हार्टला आणि किडनीला ती फायद्याची आहे, म्हणून घरच्या घरी बंद करू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना मात्र सांगा, की हे असं होतंय.

दुसरं, ते क्रीम नक्की कुठलं ते ट्यूबवर वाच. क्लोट्रिमॅझोलच्या जोडीला बेक्लोमेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. दोन दिवसात खाज थांबते म्हणून लोक महिनोन् महिने लावतात, कातडी पातळ होते आणि बुरशी आतल्या आत पसरते. ते बंद करा.

तिसरं आणि महत्त्वाचं. पाळी गेल्यानंतर, साखर नसलेल्या बाईला बुरशीचं इन्फेक्शन तसं कमीच होतं. त्या वयात खाज असेल तर हार्मोन कमी झाल्याने आलेला कोरडेपणा असू शकतो, किंवा लायकेन स्क्लेरोसस, त्यात कातडी पांढरी, पातळ, कागदासारखी होते, आणि त्याला उलट स्टिरॉइडच लागतं पण बघून, ठरवून दिलेलं. त्यामुळे सासूबाईंना फोनवर विचारून गोळी आणू नका, तपासणी करूनच घ्या. आणि त्या ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी घेत असतील तर फ्लुकोनॅझोलची कॅप्सूल देण्याआधी डॉक्टरांना सांगा, दोन्ही एकत्र आल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन असेल तरी तेच.

गोदाकाठ

ग्लिमेपिराइड आहे. आणि ट्यूबवर बेक्लोमेथासोन आहे. उद्याच अपॉइंटमेंट घेते. मनापासून आभार.

हळदुली

मी पुण्यात हॉस्टेलला आहे, लग्न झालेलं नाही. मला गेल्या पावसाळ्यात झालं होतं, जीन्स वाळायची नाही तशीच घालून कॉलेज. जिथे दाखवलं तिथे आधी विचारलं "मॅरिड आहे का" आणि नाही म्हटल्यावर तपासलंच नाही, गोळी लिहून दिली आणि वर लेक्चर. मुलींनी हे खालचं औषध वापरायचं की नाही? मैत्रिणी म्हणतात त्याने प्रॉब्लेम होतो.

सिस्टर_तळेगाव

हळदुली बाळा, तुला असं वागवलं याचं फार वाईट वाटलं. मी सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं काढली आहेत, हे इन्फेक्शन होण्याचा लग्नाशी काही संबंध नाही. ओलसरपणा, घट्ट कपडे, अँटिबायोटिक, साखर, गरोदरपण, कशानेही होतं. तुला तोंडाने घ्यायची एक कॅप्सूल आणि बाहेरून लावायला साधं क्लोट्रिमॅझोल क्रीम पुरतं, नळी घालायची गरज नाही. घरी आईला सांगायची भीती वाटत असेल तरी डॉक्टरला जा, बाई डॉक्टर मागून घे, तो तुझा हक्क आहे.

आणि सगळ्यांसाठी सांगते, जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे आम्ही हिरवं पाकीट द्यायचो, दोन नंबरचं किट, त्यात सेक्निडॅझोलच्या दोन गोळ्या आणि फ्लुकोनॅझोल १५० ची एक, पैसे नाहीत. गरोदर बाईला ते द्यायचं नसतं, म्हणून पाळीची तारीख आधी विचारायची. बायका यायला लाजतात कारण क्लिनिकच्या पाटीवर गुप्तरोग लिहिलेलं असायचं. माझ्या मते आजही निम्म्या बायका त्या पाटीमुळेच येत नाहीत. औषध फुकट आहे, बाई शंभर पावलांवर आहे, आणि मधे ती पाटी.

डॉ_बकुळ

सिस्टर, शंभर टक्के. हळदुली, ओले कपडे घालू नकोस, चड्डी सुती वापर, घरात दोरीवर दुसऱ्या कपड्यांखाली लपवून वाळत घालू नकोस, मोकळ्या हवेत, उन्हात घाल. आणि आतून धुवायची कसलीच गरज नाही, ना साबण ना ते सुगंधी वॉश. बाहेरून साधं पाणी पुरे.

लीड्सकर

इकडे यूकेमध्ये क्लोट्रिमॅझोलची ५०० ची गोळी आणि फ्लुकोनॅझोल कॅप्सूल दोन्ही फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतात, पण फार्मसिस्ट आधी प्रश्न विचारते. वय १६ ते ६० मध्ये आहे का, गरोदर आहात का, पहिल्यांदाच होतंय का, सहा महिन्यांत दोनपेक्षा जास्त वेळा झालंय का, ताप किंवा ओटीपोटात दुखतंय का. एका जरी उत्तरावर शंका आली तर औषध देत नाही, जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे पाठवते. बाजूला छोटी खोली असते, तिथे बसून बोलतात, मागच्या रांगेला ऐकू जात नाही. चिंचपेठी, तुझ्याकडे हे प्रश्न विचारता येतात का गं?

चिंचपेठी

खोली नाही पण मी फ्रिजमागच्या कोपऱ्यात बोलावते, तिथे इन्सुलिन ठेवतो तिथे कुणाचं लक्ष जात नाही. प्रश्न विचारते, बऱ्याच जणी सांगतात. सांगायला कुणी विचारलेलंच नसतं.

शेवंती२

घरगुती उपायांचं कुणी बोललं नाही. आमच्याकडे दही लावायला सांगतात, लसूण ठेवायला सांगतात, आणि व्हॉट्सअॅपवर बोरिक पावडरचं फिरतंय. बोरिक पावडर खरंच डॉक्टर देतात असं वाचलं, खरं आहे का? घरात कॅरमची पावडर आहे.

डॉ_बकुळ

शेवंती, कॅरमची पावडर अजिबात नाही!! बोरिक अॅसिडची ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल खाली ठेवायला देतात हे खरं, पण ती ग्लॅब्राटासारख्या न ऐकणाऱ्या बुरशीला, कल्चर बघून, दोन-तीन आठवडे. तोंडावाटे गेली तर विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर फारच धोक्याचं, आणि गरोदरपणात पूर्ण बंद. लसणाने आतून भाजलेल्या पेशंट बघितल्यात मी. दही खा हवं तेवढं, आत लावू नका.

पिंपळपान

विषयाशी धरून एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, पुण्याकडच्यांना अभिमान वाटेल. माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते, आम्ही एच. ए. कॉलनीतच वाढलो. १९५४ साली उभी राहिलेली ही सरकारी कंपनी पेनिसिलिनसाठी सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे थिरुमलाचार नावाच्या बुरशीतज्ज्ञांच्या हाताखाली पिंपरीच्याच मातीतून एक जंतू वेगळा केला गेला, त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना ठेवलं, आणि त्यापासून हॅमायसिन हे बुरशीचं औषध निघालं. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांना आणि बायकांच्या या इन्फेक्शनला ते वापरलं जायचं. त्याच प्रयोगशाळेतून पिकांच्या बुरशीवरचं ऑरिओफंगिनही आलं.

आणि त्याच्याही आधीचं, १९५० चं निस्टॅटिन, ते एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन बायकांनी शोधलं. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत, मातीचे नमुने बरणीत घालून पोस्टाने एकमेकींना पाठवायच्या. हेझनबाईंनी व्हर्जिनियातल्या ओळखीच्यांच्या शेतावरून आणलेल्या मातीत ते सापडलं. रॉयल्टीचे एक कोटी तीस लाख डॉलर आले, दोघींनी स्वतःला काही ठेवलं नाही, सगळे संशोधनाला दिले. जे औषध पदराखाली लपवून आणावं लागतं त्याच्यामागे इतकं मोठं काम आहे, हे आपल्या मुलींना कळायला हवं असं मला फार वाटतं.

डॉ_बकुळ

पिंपळपान, सुरेख माहिती. हॅमायसिन आणि निस्टॅटिन एकाच जातीची औषधं, ती एर्गोस्टेरॉलला चिकटून बुरशीच्या आवरणाला भोकं पाडतात. निस्टॅटिन अजूनही कामाला येतं, गोळ्यांना दाद न देणाऱ्या केसमध्ये.

निशिगंध_एन

अपडेट: लॅबमध्ये कल्चरला दिलंय. एचबीएवनसी ६.१ आलं, मला कल्पनाच नव्हती. आईला डायबेटिस आहे.

डॉ_बकुळ

ही प्रीडायबेटिसची पातळी आहे. वेळेत कळलं हे चांगलं झालं, आता फिजिशियनला दाखव आणि कल्चर आलं की इथे लिही.

चिंचपेठी

मी काउंटरवर द्यायला एक कागद तयार केलाय, एका बाजूला नळी कशी धरायची त्याचं चित्र (मुलीने काढलंय), दुसऱ्या बाजूला मजकूर असा: "ही गोळी गिळायची नाही. रात्री झोपताना योनीमार्गात ठेवायची. सगळ्या गोळ्या पूर्ण करायच्या. पहिल्यांदाच त्रास होत असेल, वास येत असेल, ताप किंवा ओटीपोटात दुखत असेल, वर्षात तिसऱ्यांदा होत असेल, पाळी गेलेली असेल, किंवा डायबेटिस असेल तर आधी डॉक्टर. लहान मुलीला देऊ नका." डॉक्टर, बघता का एकदा?

डॉ_बकुळ

छान झालंय. लहान मुलींचं लिहिलंस ते उत्तम, त्यांच्यात खाज बहुतेक वेळा जंतांची नाहीतर साबणाची असते. एक वाक्य वाढव: "गरोदर असाल तर तोंडाने घ्यायची फ्लुकोनॅझोल घेऊ नका, खालची गोळीही डॉक्टरांना विचारून." गरोदरपणात क्लोट्रिमॅझोल देतो आम्ही, सात रात्री, पण नळी न वापरता बोटाने ठेवायला सांगतो. आणि कंडोमचं वाक्य राहिलंय बघ.

सिस्टर_तळेगाव

अक्षर मोठं ठेव गं. आणि गिळायची नाही हे वाक्य जाड ठशात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोंडाचं चित्र काढून त्यावर फुली मारायला सांग मुलीला.

चिंचपेठी

दोन्ही वाक्यं टाकली, फुलीचं चित्र आज रात्री काढते म्हणाली. उद्या झेरॉक्स काढून पाकिटाबरोबर द्यायला सुरुवात करते. कुणाला फाइल हवी असेल तर मेसेज करा, दुकानाचं नाव काढून पाठवते, आपापल्या गावच्या मेडिकलमध्ये द्या.

लीड्सकर

मला पाठव. इचलकरंजीला मामाचं मेडिकल आहे, मामीला देते.